विणलेला ससा



आपल्या बीड जिल्ह्याला गडांची वाण नाही. गहिनीनाथगड आहे आणि नारायणगड आहे. या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. पंढरपूरची वाट ज्यांना झेपत नाही अशी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया एकादशीला गडावर येऊन नगद नारायणाचे दर्शन घेतात. दर्शन झाले, प्रसाद झाला, की पोरांचा मोर्चा खेळण्यांच्या दुकानांकडे वळतो. शिट्ट्या, पिपाण्या, प्लॅस्टिकच्या मोटारी, बंदुका. आणि वर दोरीला टांगलेले, पारदर्शक पिशवीत बांधलेले केसाळ अस्वल. पोराचा डोळा त्या अस्वलावर, बापाचा हात खिशावर, आणि आई म्हणते, 'चल रे, पुढच्या खेपेला घेऊ.'

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या अस्वलाच्या एका गरीब नातेवाइकाविषयी. दोन सुया, लोकरीची अर्धी गुंडी आणि मूठभर कापूस एवढ्यावर घरी होणारा विणलेला ससा. तुम्ही म्हणाल, कॉलेजात शिकवणारा एम. ए. झालेला माणूस, आणि विषय काय तर विणकाम! हा तर बायकांचा प्रांत. तर आधी तेवढे निस्तरू आणि पुढे जाऊ.

विणकाम हे बायकांचे काम असे जगाने फार उशिरा ठरवले. इजिप्तमध्ये काही विणलेले मोजे सापडले आहेत. ते साताठशे ते हजार वर्षांपूर्वीचे, आणि लोकरीचे नव्हेत बरे का, कापसाच्या पांढऱ्या-निळ्या सुताचे. युरोपात पुढे मोजे-टोप्या विणणाऱ्या पुरुषांचे संघ होते, आणि त्यांत शिरायला वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली नावाच्या एका पाद्र्याने केले. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा मुलूख आहे, तो पूर्वी दलदलीचा होता. तिथले मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून चालत आणि मेंढरे राखता राखता उभ्या उभ्या विणत. आपला धनगर कळपामागे चालता चालता चातीवर लोकरीचे सूत काढतो, तसलाच प्रकार. तेव्हा ज्या गुरुजींना वर्गात सुया हातात घ्यायला संकोच वाटत असेल, त्यांनी तो सोडून द्यावा.

आता खेळण्यातल्या प्राण्यांचे म्हणाल, तर ते आपल्याला नवे नाहीत. पोळ्याला मातीचे बैल आपण पुजतोच. ज्वारीच्या चिपाडाची गाडी आणि तिला जुंपलेले चिपाडाचेच बैल ज्याने लहानपणी केले नाहीत, असा माणूस आपल्या भागात विरळा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे तर नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीची गाडी घेईना, रडू लागला. वसंतसेनेने अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घातले, आणि पुढचे सगळे नाटक त्या दागिन्यांमुळे घडले. पोराच्या हट्टाचे मोल त्या नाटककाराला चांगले ठाऊक होते!

पण माती, लाकूड, चिपाड ही झाली कठीण खेळणी. ती चालवायची, ओढायची, मांडायची. कुशीत घेऊन झोपायचे खेळणे निराळे. आपल्याकडे ते काम चिंध्यांच्या बाहुलीने केले. मऊ, भरलेल्या प्राण्याची कथा मात्र जर्मनीतली आहे. गींगेन नावाच्या गावात मार्गारेट श्टाइफ ही बाई राही. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचे दोन्ही पाय गेलेले, उजवा हातही दुखरा. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवणकाम करी. १८८० साली तिने जाड नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचून ठेवण्यासाठी. पण घरोघरच्या मुलांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती पळवला. त्यातून तिचा खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढे १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला गेले असता, झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडायला नकार दिला. वर्तमानपत्रात त्यावर व्यंगचित्र आले, ब्रुकलिनमधल्या मिचटम नावाच्या दुकानदाराने कापडी अस्वल करून दुकानात मांडले, आणि रूझवेल्टच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून त्याचे झाले टेडी बेअर. त्याच साली मार्गारेटबाईंच्या पुतण्यानेही तिकडे जर्मनीत अस्वलाचा नमुना केला होता. गडावर टांगलेल्या अस्वलाची वंशावळ ही अशी.

पण मऊ खेळण्याचा एवढा ध्यास मुलाला का? शिक्षकमंडळींनी इथे थोडे थांबावे. १९५८ साली हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपले एक संशोधन प्रसिद्ध केले. माकडाची पिल्ले जन्मतःच आईपासून दूर केली. त्यांच्यापुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, पण तिच्या अंगाला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाने मढवलेली, पण दूध नसलेली. पिल्ले काय करीत? तारेच्या आईकडे जाऊन दूध पीत आणि लगेच परत येऊन कापडाच्या आईला बिलगून बसत. घाबरली की पळत येत तीही तिच्याकडेच. पोट भरते ती आई, असे समजणाऱ्या पंडितांना तो मोठाच धक्का होता. प्रयोग निर्दय होता हे मला सांगितलेच पाहिजे. त्याचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे: ती पिल्ले मोठी झाली तेव्हा त्यांना ना कळपात नीट राहता आले, ना आपली पिल्ले सांभाळता आली. कापडाची आई धीर देते, पण ती आई होत नाही.

हे मी बीडमध्ये बसून का सांगतो, ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परत फिरणे नाही. पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. कुणी आजीजवळ राहते, कुणी हंगामी वसतिगृहात. आणि अंगावरचे, नुकते चालू लागलेले पोर आईबरोबर कारखान्याच्या तळावर जाते. भल्या पहाटे आई फडात गेली की कोपीत ते आणि त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण एवढीच उरतात. इथे राहिलेल्या मुलाला आई नाही, तिथे गेलेल्याला दिवसभर आई नाही. विणलेल्या सशाने हा प्रश्न सुटेल असे कुणी म्हणेल तर त्याला हार्लोची माकडे दाखवावीत. मुलाला शाळा हवी, तळावर पाळणाघर हवे, आईबापांना गावात काम हवे. ते होईपर्यंत रात्री मुलाने मुठीत धरायला काही असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

विनिकॉट नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषकही. १९५१ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी अशा वस्तूंचा विचार मांडला. दुपट्याचा कोपरा, कापडाचा बोळा, एखादा मऊ प्राणी. मूल तो सोडत नाही, त्याच्याशिवाय झोपत नाही. शहाणी आई ती वस्तू मळली, वास मारू लागली तरी पटकन धुवायला घेत नाही, कारण धुतली की मुलाच्या लेखी ती तीच वस्तू राहत नाही. आपल्या बायांना हे कुठल्या पुस्तकावाचून ठाऊक आहे. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी पोरांना का आवडते? म्हणून माझी एक सूचना आहे. सशाच्या पोटात कापूस भरताना मधोमध आईच्या नेसत्या लुगड्याची किंवा साडीची एक पट्टी गुंडाळून ठेवावी. आजीजवळ राहणाऱ्या मुलासाठी तर जरूर ठेवावी.

बरे, आता ससा करू. ज्यांच्या हाताशी कागद आहे त्यांनी टिपून घ्यावे. पण हा नमुना मी मुद्दाम असा निवडला आहे की तो कानांनी ऐकूनही लक्षात राहावा. यात एक चौकोन विणायचा असतो, बाकी काही नाही.

सुया आठ नंबरच्या घ्या. पुष्कळ दुकानांत अजून जुन्या इंग्रजी नंबरांची पद्धत चालते, आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. सुया विकत घ्यायला नकोत असे वाटले तर बुरुडाकडून बांबूच्या दोन सरळ काड्या तासून आणा, एक टोक निमुळते करा आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत घासा. कुसळ राहता कामा नये, नाहीतर दर टाक्याला लोकर अडकते. लोकर मध्यम जाडीची. आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक मेंढीची नसतेच, ॲक्रिलिकची असते. पाहायचे असेल तर एक धागा जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. म्हणून ॲक्रिलिकचे खेळणे चुलीपासून लांब ठेवावे. जाड सुती धागा मिळाला तर आपल्या उन्हाळ्याला तोच बरा. पांढरे सोने आपल्या शेतात पिकते आणि सुताची गुंडी मात्र परमुलखातून विकत यावी, हे एक दुखणे आहेच. ते आज राहू दे.

तीस टाके घाला. मग सगळ्या ओळी सुलट विणा. उलट टाका लागतच नाही, त्यामुळे नवख्यालाही जमते. तीस टाक्यांना साठ ओळी. सुलट विणीत दोन ओळींचा मिळून एक उंचवटा दिसतो. असे तीस उंचवटे झाले की चौकोन पुरा. खात्री करायची तर एक कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर ठेवा. नीट त्रिकोण झाला तर ठीक; नाही झाला तर दोन-चार ओळी कमीजास्त करा. कारण प्रत्येकाचा हात सारखा नसतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. मग टाके बंद करा.

आता चौकोन मांडीवर सपाट पसरा. डाव्या कडेच्या मध्यापासून उजव्या कडेच्या मध्यापर्यंत जाड सुईने आडवा धावदोरा घाला. तिथून तिरपे वर जाऊन वरच्या कडेच्या मध्यावर या. तिथून पुन्हा तिरपे खाली, जिथून निघालात तिथे. चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागात धावदोऱ्याचा एक त्रिकोण तयार झाला. त्रिकोणाच्या मध्यावर लिंबाएवढा कापसाचा गोळा ठेवा आणि दोऱ्याची दोन्ही टोके हळूहळू ओढा. त्रिकोण आवळून डोके होते, आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात! मोठी माणसेसुद्धा इथे हसतात. दोऱ्याला दोन-तीन पक्क्या गाठी मारा. खालच्या अर्ध्या भागाच्या दोन कडा पाठीमागे जुळवून शिवा, आत कापूस भरा, आणि तळाला धावदोरा घालून पिशवीसारखे तोंड आवळा. शेपटीसाठी दोन बोटांभोवती लोकरीचे चाळीस वेढे घ्या, मधोमध घट्ट बांधा, दोन्हीकडचे वेढे कापा आणि गोंडा कात्रीने गोल करा. पन्नास ग्रॅमच्या गुंडीत दोन ससे सहज होतात.

दोन गोष्टी मात्र अगदी कडक पाळायच्या. पहिली डोळ्यांची. गुंड्या, मणी, बिया काही लावू नका. तीन वर्षांच्या आतले मूल हाती येईल ते तोंडात घालते, गुंडी ओढून काढते आणि ती घशात अडकते. डोळे काळ्या दोऱ्याने भरा. शेपटीचा गोंडाही अगदी तान्ह्यासाठी असेल तर गाळावा, कारण त्यातले धागे सुटतात. दुसरी गोष्ट भरणाची. कापूस पिंजलेला हवा आणि त्यात एकही सरकी नको; सरकीच्या ओढीने उंदीर येतो आणि एका रात्रीत सशाची चाळण करतो. कापूस ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात, तेव्हा धुतल्यावर पिळू नये; फडक्यात दाबून पाणी काढावे, कडक उन्हात वाळवावे आणि वाळताना मधूनमधून चोळावे. भुसा किंवा थर्मोकोलचे बारीक दाणे भरू नयेत. शिवण उसवली तर ते नाकातोंडात जातात.

शिक्षकांसाठी आणखी थोडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसोरीची साधने महाग म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. शंख-शिंपले, बिया, खडे, जे परिसरात मिळेल त्याची साधने केली. मुलांपर्यंत अंगणात जाणारी बालवाडी ही त्यांची कल्पना. देशातली अंगणवाडी योजना त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. विणकामही त्याच नजरेने पाहावे. तीस टाके, साठ ओळी, तर एकूण टाके किती? अठराशे. एका मिनिटाला पंधरा टाके, तर वेळ किती? दोन तास. हा हिशेब ज्या मुलाने हाताने केला, त्याला तो फळ्यावर चुकत नाही.

आणि क्रोशाची सुई असेल तर गणित आणखी रंगते. जपानात क्रोशाने छोटे प्राणी विणतात, त्याला तिकडे आमिगुरुमी म्हणतात. त्याचे सगळे रहस्य सहाच्या पाढ्यात आहे. मध्यावर सहा टाके, दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. दर फेरीला सहा वाढवीत गेलात तर सपाट चकती होते. वाढवणे थांबवले की चकतीच्या कडा वळून वाटी होते. मग सहा-सहा घटवत आणले की चेंडू मिटतो; तेच डोके, तेच पोट. आणि सहापेक्षा जास्त वाढवत गेलात तर? कडेला लाटा येतात, झालर होते. १९९७ साली डाइना तायमिना या बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अशाच झालरी विणून भूमितीचा एक अत्यंत कठीण भाग विद्यार्थ्यांच्या हातात ठेवला. तिथवर आपल्याला जायचे नाही. सहाचा पाढा पाठ झाला तरी पुष्कळ.

आता जो प्रश्न हमखास येतो तो. 'सर, हे विकता येईल का? बचत गटाला धंदा होईल का?' मी गोड बोलणार नाही. समजा, एक ससा दीडशे रुपयांना गेला. लोकर, कापूस, दोरा यांचे चाळीस धरा. उरले एकशेदहा. विणायला दोन तास, शिवायला-भरायला एक तास, पुढे बाजारात जाऊन बसण्याचा वेळ वेगळा. तुमच्या गावात बाईला शेतातल्या रोजाचे जे मिळते त्याच्याशी हे ताडून पाहा आणि मग ठरवा. हात बसलेल्या बाईचा वेळ निम्म्यावर येतो, तेव्हा गणित थोडे बदलते. पण यंत्रावरच्या खेळण्याशी किमतीत झुंजायला जाऊ नये; त्यात आपण हरणारच. ज्याला हातचेच हवे आहे असे गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि ते गावात क्वचित असते.

शिवाय कायद्याचीही बाजू आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी विकायची तर त्यांवर आय. एस. आय. ची खूण सक्तीची झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे कारागीर म्हणून ज्यांची नोंदणी आहे, त्यांनी हाताने केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना यातून सूट दिली आहे. म्हणून ज्या बायांना खरोखर विक्री करायची आहे, त्यांनी लोकर आणण्याआधी ही नोंदणी करून घ्यावी. घरच्या पोरासाठी किंवा शेजारच्या पोरासाठी करणाऱ्याला यातले काहीच नको.

शाळेत हे काम कधी घ्यावे? माझ्या मते गणेशचतुर्थीला टाके घालावेत. तिथून दसऱ्यापर्यंत साधारण छत्तीस दिवस मिळतात. पाचवी-सहावीच्या मुलाने, मुलगा असो की मुलगी, दिवसाला दोन ओळी विणल्या तर तीस दिवसांत चौकोन पुरा होतो. रविवार, सुट्टी, हरवलेली सुई, सुटलेले टाके यांतही एखाद-दुसरा दिवस जाणार. उरलेल्या दिवसांत शिवण, भरण, कान आणि डोळे. टोळीचा ट्रॅक्टर गावातून निघेल त्या दिवशी ससा धाकट्याच्या हातात असला पाहिजे. कापूस कमी पडला तर मागची शिवण मोकळीच ठेवा. तळावर पोचल्यावर थोरल्या बहिणीला ती मिटवता येते, तेवढा दोरा आणि बोथट टोकाची सुई तिच्याजवळ बांधून द्या.